दोष उतरवणारा त्सिवेरी

त्सिवेरी बोलायला उभा राहिला, की पहिली दहा मिनिटं नुसती माफी मागायचा.

आधी पूर्वजांची. मग समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांची, कारण त्याच्याआधी बोलायचा मान त्यांचा. मग बायकांची, पाहुण्यांची, उशिरा येणाऱ्यांची. शेवटी उन्हात जुंपून ठेवलेल्या बैलांचीसुद्धा. "मी लहान, माझा आवाज उसना, माझे शब्द कच्चे. वाकडं काही गेलं, तर त्याचा दोष मला नको, तुम्हाला नको. वाऱ्याने तो उचलावा आणि समुद्रात टाकावा." मादागास्करच्या दक्षिण टोकाला, आमच्या आंद्रोईत, एवढं झाल्याशिवाय ना लग्न लागत, ना बैलाचा सौदा होत, ना मयत उचललं जात. दोष म्हणजे आमच्याकडे नुसती बोलायची गोष्ट नव्हे. तो धुळीसारखा हवेत तरंगतो, बसायला जागा शोधतो. कुणाच्या डोक्यावर जागा मिळाली नाही, तर पावसावर जाऊन बसतो. मग पाऊस येत नाही.

म्हणून प्रत्येक गावाला दोष उतरवणारा एक माणूस लागतो. आंकिलिमानारा गावात तो माणूस त्सिवेरी होता, आणि असा माणूस आसपासच्या वीस गावांत नव्हता.

उंच, काटकुळा, साठी उलटलेला. खांद्यावर पांघरलेलं जुनं लाल वस्त्र, हातात बोलक्याची, म्हणजे गावाच्या वतीने बोलणाऱ्याची, काठी. तोंड उघडण्याआधी तो एकदा सगळ्यांवरून नजर फिरवायचा आणि थांबायचा. लांब कुठे बकरी ओरडत असली, तर ती गप्प होईपर्यंत थांबायचा. हे थांबणं शिकवून येत नाही. नाटकात आयुष्य घालवलेले लोकही शेवटपर्यंत घाईघाईने वाक्यं टाकत राहतात, आणि इथे हा माणूस काटेरी रानाच्या कडेला, चिंचेच्या झाडाखाली, एका श्वासाच्या शांततेवर अख्खं गाव पेलून धरायचा.

ही कला त्याने राजधानीत उचलली होती. बावीस वर्षांचा असताना लागोपाठ तीन वर्षं पाऊस गेला, लाल धुळीचा वारा सुटला, गुरं मेली. आमची तरणी पोरं अशा वेळी जे करतात तेच त्याने केलं. ट्रकच्या टपावर बसून उत्तरेला गेला आणि एका मोठ्या बंगल्याच्या फाटकावर दिवसपाळीचा राखणदार झाला. रविवारी सुट्टी. त्या दिवशी डोंगरावरच्या मैदानात लाल झगे घातलेल्या गाणाऱ्यांच्या मंडळ्या येत. गाणं सुरू होण्याआधी त्यांच्यातला एक म्हातारा पुढे येऊन माफी मागे. अशी मागे, की गर्दीतल्या चोरालाही वाटावं, याचं काहीच चुकलेलं नाही, सगळं माझंच चुकलंय! त्सिवेरी जेवणखाण विसरून पाहत राही. सोमवारी फाटकाशेजारच्या खोपीत झाडू हातात धरून तीच वाक्यं म्हणे. तीन वर्षं ती खोपी त्याची तालमीची खोली होती. परत आला तो बोलका होऊनच.

येताना एक गोष्टही घेऊन आला. कुठल्याही लग्नात, माफी आणि बोलणी झाली की पोरंटोरं ओरडायची, "आजोबा, ती राजधानीतली!"

"कोणती रे?" तो मुद्दाम विचारायचा.

"पोत्याची!"

मग तो सांगायचा. त्या बंगल्याचा मालक वेताच्या टोपल्या परदेशी पाठवायचा. एका दुपारी मागच्या गोदामात पोती रचलेली. त्यातलं एक हललं. आतून आवाज आला. खरखर. खरखर. इथे त्सिवेरी काठीवर नखं ओढायचा, आणि बायका तोंडावर पदर घ्यायच्या. कारण तो आवाज आमच्या माणसाला झोपेतही ओळखू येतो. तो सोकाकेचा आवाज. काळ्या घुमटावर पिवळ्या उन्हाचे किरण काढलेले असावेत, तसं दिसणारं आमच्या रानातलं कासव. आम्ही ते खात नाही, त्याला हात लावत नाही. वाटेत आडवं आलं, तर ते जाईपर्यंत जागच्या जागी उभे राहतो. कुणा परक्याने ते शिजवलं, तर त्या चुलीच्या धुराच्या दिशेलाही बसत नाही.

"मालक मला म्हणाला, ए दक्षिणवाल्या, उचल ती पोती, गाडीत टाक. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. म्हटलं, साहेब, आमच्यात सोकाकेला हात लावत नाहीत. नोकरी घ्या..."

"हात देणार नाही!" सगळा मांडव एका आवाजात ओरडायचा.

तिथे गोष्ट संपायची. पडदा कुठे पाडायचा, हे त्सिवेरीला पक्कं ठाऊक होतं.

*

त्या वर्षी कोरड्या दिवसांत राजधानीतून एक साहेब आला. राझाफिंबेलो त्याचं नाव. रानखात्याचा अधिकारी, डोंगराळ मुलखातला, मऊ बोलणारा. बूट धुळीने लाल झाले होते आणि ते पुसायचा नाद त्याने सोडून दिला होता. आधी तो गावच्या कुळप्रमुखाला, माहातोकीला भेटला. माहातोकीने त्याला त्सिवेरीकडे पाठवलं. सरकारशी बोलणं हे बोलक्याचं काम.

"आजोबा, बातमी चांगली आहे," राझाफिंबेलो चटईवर बसत म्हणाला. "तुमची सोकाके घरी येतायत."

थायलंडमधल्या एका विमानतळावर, वाळवलेल्या फुलांच्या नावाखाली निघालेल्या खोक्यांत, अठराशे सोकाके पकडली गेली होती. लहान, तळहाताएवढी. पाय चिकटपट्टीने बांधलेले, एकेक मोज्यात कोंबलेलं. त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून दोन्ही देश एकमेकांना पत्रं लिहीत होते. तिकडे खटला चालला, म्हणून पुरावा हलवता येईना. मग रोगाच्या तपासण्या. मग जगातल्या बहुतेक देशांनी सही केलेल्या कराराप्रमाणे परवाने. एकाचा परवाना मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. शेवटी ठरलं होतं, की जगली त्यातली आधी चारशे पाठवायची. ती इथल्या रानात नीट सुटली, तर उरलेली बाराशे.

"आणि जो तह झालाय, त्यात एक ओळ आहे," राझाफिंबेलो म्हणाला. "रानाच्या माणसांनी, दोन्ही देशांच्या प्रतिनिधींसमोर, आपल्या रीतीने होकार द्यायचा. ही ओळ थायलंडच्या बाईंनी घातली. हटूनच बसल्या. म्हणाल्या, मागे दुसरीकडे गावाला न विचारता जनावरं सोडली होती, महिन्याभरात परत पोत्यात गेली."

"शहाणी बाई दिसते."

"आहेत. म्हणून तुमच्याकडे आलो. माफीची पाच मिनिटं घ्या, मग माझं भाषण, मग त्यांचं, मग अंगठा. चारचं विमान आहे."

"पाच मिनिटांत आमच्याकडे नुसता घसा साफ होतो, बाबा."

राझाफिंबेलो हसला. त्सिवेरीही हसला. उठता उठता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "खोक्यात ती... खरखर करतात?"

"करतात की. रात्रंदिवस. डॉक्टर म्हणतात, बाहेर पडायला."

*

त्सिवेरीची बायको वोलासोआ निवडुंगाची फळं वाळूत लोळवून त्यांची कुसळं काढत होती. पस्तीस वर्षांची सोबत. नवरा घरात आहे की नाही, हे तिला त्याच्या पुटपुटण्यावरून कळायचं. गेले चार दिवस घर गप्प होतं.

"टोपी तीच घालणार आहेस?" ती म्हणाली. "परदेशी बाईला वाटेल, बकरीने अर्धी खाल्ली आणि उरलेली तुला दिली."

"हं."

"आणि तालीम? एवढे दोन देश येणार, आणि तू काठीला हात लावला नाहीस."

"पाठ आहे सगळं."

"पाठ असलेलं तू ओरडून म्हणतोस. शेजारच्या कोंबड्यांनाही पाठ झालंय. गप्प बसतोस तेव्हा काहीतरी गिळत असतोस." तिने एक फळ सोलून त्याच्या हातावर ठेवलं. "हे गिळ. ते काय आहे ते थुंकून टाक."

त्याने फळ तेवढं खाल्लं.

गोष्टीचा एक तुकडा तो कधीच सांगत नसे. मालकाने हसत हसत स्वतः पोती उचलून गाडीत भरली होती. मग गाडी फाटकाशी आली आणि भोंगा वाजला. रस्त्यापलीकडे पोलीसचौकी होती. तिथला शिपाई रोज विडीसाठी त्सिवेरीकडे काडी मागायला यायचा, त्या दुपारीही दारातच उभा होता. त्सिवेरीने पाठीमागे बांधलेले हात सोडले, अडसर काढला आणि फाटकाची दोन्ही दारं उघडली. गाडी गेल्यावर नीट लावूनही घेतली. त्यानंतर कितीतरी दुपारी. हात लावायचा नाही, एवढंच त्याला शिकवलं होतं. त्याने हात लावला नव्हता. आपण स्वच्छ आहोत, असं त्याला मनापासून वाटलं होतं. पुढे कधीतरी ते वाटणं पातळ झालं, आणि तो ती गोष्ट अधिकच रंगवून सांगू लागला.

आणि ते थुंकून टाकणं सोपं नव्हतं. आमची रीत अशी, की ज्याने चार लोकांत दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला, तो पुन्हा कुणाचा दोष उतरवू शकत नाही. ओल्या हाताने दुसऱ्याचं अंग कोरडं होत नाही ना, तसं. काठी खाली ठेवावी लागते, ती कायमची. आणि त्सिवेरीकडे गुरं थोडी, शेत थोडं. होती ती एक काठीच.

*

ठरल्या दिवशी सकाळी दोन गाड्या आणि एक ट्रक आला. ताडपत्री बांधली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. हवेसाठी भोकं पाडलेली लाकडी खोकी चिंचेच्या सावलीत रचली. गाव खोक्यांपासून बरंच अंतर राखून बसलं. थायलंडच्या प्रतिनिधी नारुमोनबाई ठेंगण्या, चाळिशीच्या. वाटेत विकत घेतलेली गवती टोपी त्यांना मोठी होत होती आणि सारखी डोळ्यांवर येत होती. त्या फ्रेंचमध्ये बोलत, राझाफिंबेलो ते आमच्या बोलीत सांगे.

त्सिवेरीने माफी मागितली. सगळं नेहमीसारखं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. वोलासोआ बायकांमध्ये बसून ऐकत होती. तिला तेवढ्यात कळलं, की आज याचा आवाज उभा आहे आणि माणूस दुसरीकडेच आहे.

मग राझाफिंबेलोने भाषण वाचलं. आपल्या देशाचा ठेवा, परदेशातल्या श्रीमंतांचे हावरट बाजार. मग नारुमोनबाईंनी वाचलं. दोन राष्ट्रांची मैत्री आणि, फार हळुवार शब्दांत, जिथून जनावरं येतात तिथली गरिबी आणि ढिली राखण. दोघांच्याही कागदावर टाळ्यांसाठी जागा सोडलेली होती. टाळ्या काही वाजल्या नाहीत.

मागून साम्बो गाडीवान उठला. साम्बोच्या कुळाचं आणि त्सिवेरीच्या कुळाचं चेष्टेचं नातं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. अशा दोन कुळांतल्या माणसांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, कुणी रागवायचं नाही. आणि असा माणूस सभेत बसला, की दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही ते बोलण्याचा हक्क त्याचा.

"ए गंजलेल्या भोंग्या," तो त्सिवेरीला म्हणाला, "तू हुशार ना? मग मला समजावून सांग. हे साहेब म्हणतात, आम्ही नाही चोरलं. त्या बाई म्हणतात, आम्ही नाही चोरलं. मग काय, सोकाके स्वतःच तिकीट काढून विमानात बसली? खिडकीजवळची जागा मिळाली का त्यांना?"

गाव हसलं. राझाफिंबेलोही कसनुसा हसला. माहातोकी हसला नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याने हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"साम्बो चेष्टा करतोय. मी करत नाही. साहेब, दोष कुणाचा?"

"आजोबा, आरोपींवर खटला झाला. एक जण जामिनावर सुटला, तो पळाला. बाकीच्यांचा पत्ता..."

"म्हणजे दोष अजून मोकळा फिरतोय."

"तसं कायद्याने..."

"कायदा तुमच्याकडे पाऊस पाडत असेल. आमच्याकडे पाच वर्षं नाही पडलेला." माहातोकी खोक्यांकडे पाहत होता. "रानातून ओढून नेलेले चारशे जीव. त्यांच्यावर एवढा दोष चढलेला, आणि तो माझा म्हणणारा एकही माणूस नाही. तसेच सोडले, तर तो दोष रानात उतरेल. कुणाच्या तरी डोक्यावर तो बसू दे, मग मी अंगठा देतो. नाहीतर न्या परत."

राझाफिंबेलोने हे भाषांतर करून सांगितलं, तेव्हा नारुमोनबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "परत नेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "होकार नसेल, तर तह थांबतो. ही चारशे राजधानीतल्या पिंजऱ्यांत जातील. आणि आमच्याकडची बाराशे..." त्यांनी टोपीची कड दुमडली. "दर महिन्याला काही मरतात. ओलावा सोसत नाही त्यांना."

ट्रकबरोबर आलेला डॉक्टर पुढे होऊन म्हणाला, की सावली सरकतेय आणि खोकी तापायला लागलीयत.

राझाफिंबेलो वाकून त्सिवेरीच्या कानाशी लागला. "आजोबा, करा काहीतरी. दोष उतरवणं हे तर तुमचंच काम!"

"उतरवायला तो आधी कुणावर तरी चढलेला असावा लागतो, बाबा."

आणि मग कुणीच काही बोलेना. आयुष्यभर त्सिवेरीने शांतता स्वतः निर्माण केली होती. ही आपोआप पडलेली. वारा थांबला, आणि खोक्यांतून आवाज येऊ लागला. खरखर. खरखर. चारशे जीवांची नखं लाकडावर. अख्ख्या गावाने श्वास धरला. कोणी काठीवर नखं ओढत नव्हतं.

त्सिवेरी उभा राहिला.

"ती राजधानीतली गोष्ट सांगतो," तो म्हणाला.

लोकांना हायसं वाटलं. बोलका काहीतरी वाट काढणार! त्याने सांगितलं तसंच, नेहमीचंच. बंगला, गोदाम, पोतं. "म्हटलं, साहेब, नोकरी घ्या..."

"हात देणार नाही!" गाव ओरडलं. पोरं सगळ्यांत मोठ्याने.

त्सिवेरी थांबला. बोलायला नवखा कुणी असता, तर त्याने त्या आरोळीवर बसून घेतलं असतं.

"गोष्ट इथे संपत नाही," तो म्हणाला. "मी तुम्हाला नेहमी इथे संपवून दिली. पोती मालकाने भरली. गाडी फाटकाशी आली. भोंगा वाजला. फाटक कोणाचं?"

त्याने वडीलधाऱ्यांवरून नजर फिरवली.

"माझं. त्याच कामाचा तर पगार होता. समोर पोलीसचौकी, शिपाई ओळखीचा. एक हाक मारायची होती. मी अडसर काढला, दोन्ही दारं उघडली आणि बाजूला झालो. एकदाच नव्हे. तीन वर्षं. आणि तुमच्यासमोर येऊन हे हात दाखवले, बघा, कसे स्वच्छ आहेत."

त्याने हात पुढे धरले. 

"आणि तुम्ही? पोती घेतलेला परका माणूस आपल्याच वाटेने रानात शिरतो. परत येताना पोती भरलेली असतात. आपण काय करतो? हात लावत नाही. बाजूला होतो. वाट देतो. सोकाकेला वाट द्यायला शिकवलं होतं आपल्याला, चोराला नव्हे. ही खोक्यातली माझ्या फाटकातून गेली नसतील, माहातोकी. पण फाटक उघडल्याशिवाय कुणी बाहेर जात नाही, एवढं मला राखणदाराला कळतं. दोष मोकळा नको ना तुला? मग ठेव इथे."

त्याने ती बकरीने खाल्लेली टोपी काढली आणि डोकं वाकवलं. मग काठी दोन्ही हातांनी जमिनीवर आडवी ठेवली.

साम्बोने तोंड उघडलं. हक्क त्याचा होता. पण काही न बोलता त्याने ते मिटून घेतलं. आमच्या गावात हे पहिल्यांदाच घडलं.

नारुमोनबाई राझाफिंबेलोच्या बाहीला हलकेच ओढत होत्या. काय म्हणाले? काय म्हणाले? त्याने सांगितलं. सांगताना तो दोनदा अडखळला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी आपलं टाइप केलेलं भाषण घडी घालून पिशवीत टाकलं आणि उभ्या राहिल्या.

"माझ्या मामाच्या घरी काचेच्या पेटीत असलं एक कासव होतं," त्या म्हणाल्या. "घरात असलं की भरभराट होते म्हणायचे. लहानपणी मी त्याला कोबीची पानं भरवायचे. फार जीव होता माझा त्याच्यावर. ते कुठून आलं, कुणी पाठवलं, हे मी कधीच विचारलं नाही. या खात्यात नोकरीला लागले तेव्हा समजलं, आणि तेव्हाही मामाला काही बोलले नाही."

राझाफिंबेलोने हे आमच्या बोलीत सांगितलं आणि तिथेच उभा राहिला. दुसऱ्याची वाक्यं संपली होती, आणि आता सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याने आपल्या लाल बुटांकडे पाहिलं.

"आमच्या बाजूचा परवाना सात महिने माझ्या टेबलावर होता," तो म्हणाला. "वरून कुणीतरी सांगेल मग सही करू, म्हणून. कुणी अडवलं नव्हतं. त्या सात महिन्यांत तिकडे साठ मेली."

माहातोकीने खोक्यांकडे एकदा पाहिलं. मग काठी टेकत उठला, त्सिवेरीपुढे आला आणि आपला सुकलेला तळहात त्याच्या उघड्या डोक्यावर ठेवला.

"बसला," तो म्हणाला. "दंडाचा एक बकरा दे."

"देतो."

"आणि ही काठी..."

"ठेवली, दादा."

माहातोकीने वाकून ती स्वतः उचलली. "राहू दे माझ्याकडे. कुणी तयार झाला की बघू." मग राझाफिंबेलोकडे वळला. "आण तुझा कागद. आणि साहेब, बाई, तुमचे बकरे पुढच्या खेपेला. बाराशे घेऊन याल तेव्हा."

अंगठा उमटला. हातमोजे घातलेल्या लोकांनी खोकी उघडली आणि सोकाके एकेक करून रानाच्या वाटेवर ठेवली. आणि तिथे राझाफिंबेलोचा हिशेब चुकला. आमच्याकडे सोकाके वाटेत असलं, की ते जाईपर्यंत उभं राहायचं. हे तो डोंगराळ मुलखातला असला तरी ऐकून होता, पण चारशेंचा विचार त्याने केला नव्हता. सगळं गाव वाटेच्या दोन्ही बाजूंनी उभं राहिलं. गाड्या पलीकडच्या टोकाला. मधून चारशे पिवळे-काळे घुमट, कुणी दोन पावलं चालून झोपलेलं, कुणी निवडुंगाचं पान सापडताच तिथेच मुक्काम ठोकलेलं.

"आजोबा, चारचं विमान!" राझाफिंबेलो कळवळून म्हणाला.

"मग त्यांना सांग," माहातोकीने कासवांकडे बोट दाखवलं. "माझं ऐकत नाहीत."

नारुमोनबाई आधी हसल्या, मग त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि ओळीत वोलासोआच्या शेजारी उभ्या राहिल्या. वोलासोआने त्यांच्या हातावर एक सोललेलं फळ ठेवलं. उन्हं कलेपर्यंत दोन्ही देश तसेच उभे होते. विमान गेलं.

*

उरलेली बाराशे पावसाळ्याआधी आली. सगळी नाही. अकराशे सत्तर आली. बकरे दोन आले. त्या वर्षी पाऊसही थोडासा पडला, पण त्याचं श्रेय आम्ही कुणाला देत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तोच रुसायचा.

पुढच्या हंगामात पोती घेतलेली तीन माणसं रानाच्या वाटेवर आली. गाव बाजूला झालं नाही. कुणी त्यांना हात लावला नाही, शिवी दिली नाही. पुरुष, बायका, साम्बोची बैलगाडी, सगळे वाटेत उभे राहिले, सोकाकेसाठी राहतात तसे, आणि हललेच नाहीत. दुपारपर्यंत वाट बघून ती माणसं आल्या वाटेने परत गेली.

लग्नांत आता माहातोकीचा पुतण्या बोलतो. बरा बोलतो, घाई करतो. त्सिवेरी मागे खांबाला टेकून बसतो आणि त्याचे ओठ हलत राहतात. नवखा वाक्य गिळतो, तेव्हा त्सिवेरीचा चेहरा दात दुखल्यासारखा होतो.

"ओठ मीट, फुटक्या तुंब्या," शेजारी बसलेला साम्बो कुजबुजतो. "दही सांडेल."

"त्याला सांग, पूर्वजांनंतर थांबायचं असतं."

"तूच सांग."

"मला बोलायचं नाहीये."

"मग मी सांगतो. गाडीवानाने बोलक्याला शिकवायचे दिवस आले!" आणि साम्बो खरंच उठून ओरडतो, "ए पोरा, थांब जरा! पूर्वज काय पळतायत?"

पोरं अजूनही गोष्ट मागतात. माफी मागणं बंद झालं, तरी गोष्टीला बंदी नाही. त्सिवेरी ती आता फाटकापर्यंत सांगतो. "हात देणार नाही" या जागी मांडव पूर्वीसारखा ओरडत नाही, पुढच्याची वाट बघतो. त्सिवेरीला नटासारखं मनातून थोडं वाईट वाटतं, ती आरोळी गेली म्हणून. मग तो सांगत राहतो.

संध्याकाळी तो घरामागे, निवडुंगाच्या कुंपणापाशी असतो. कुंपणात त्याने वीतभर रुंदीची एक फट सोडली आहे. परवा तिथे वोलासोआने हाक मारली.

"मक्याची उकड गार होतेय! काय करतोयस तिथे मघापासून?"

"थांब," तो न वळता म्हणाला. हात पाठीमागे बांधलेले होते. "हे गेलं की येतो."